रेघेच्या वरचं पाणी

ग्लोबल वॉर्मिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वितळत चाललेल्या बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं एक पांढरं अस्वल! आपल्या पोस्टर कॉम्पिटिशनमध्ये आलेल्या पोस्टर्सपैकी निम्म्यांवर तरी तेच होतं. आपण त्याच्याकडे बघून ‘बिच्चारं’ म्हणतो, दोन मिनिटं हळहळतो आणि कँटीनकडे वळतो. उत्तर ध्रुव कुठे आणि आपण कुठे! मला नेमका त्या अस्वलाचा राग आहे. म्हणजे अस्वलाचा नाही हो, चित्राचा. त्या चित्रामुळे आपल्याला वाटतं की ही भानगड लांब कुठेतरी, थंड प्रदेशात चालू आहे, आणि आपलं काम फक्त सहानुभूती दाखवायचं.

मित्र-मैत्रिणींनो, या लेखात अस्वल नाही. चिपळूण आहे, मुंबई आहे आणि आपल्या होस्टेलच्या मागचा ओढा आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. मी पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. ‘ग्रीनहाऊस इफेक्ट’ हा धडा आम्हाला सातवी-आठवीत होता, आकृतीसकट पाठ होता, पेपरात पाचपैकी पाच मिळायचे. एकदा आजीने विचारलं, “अगं, हे टीव्हीवर सारखं काय सांगतात, पृथ्वी तापली म्हणून?” मी मोठ्या ऐटीत मराठी पुस्तकातला शब्द शोधून सांगितला, ‘हरितगृह परिणाम’. आजी म्हणाली, “कोणाचं घर?” तिच्या आख्ख्या आयुष्यात तिने काचेचं हरितगृह पाहिलेलं नाही. मग मी तिच्याच पायांवरच्या गोधडीकडे बोट दाखवलं. गोधडीत स्वतःची ऊब नसते. ती फक्त अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. पृथ्वीवर अशीच एक हवेची गोधडी आहे. ती नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश असतं, आहे म्हणून साधारण १५ अंश आहे. म्हणजे गोधडी वाईट नाही, ती हवीच. पण आपण दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून तिच्यावर थरावर थर शिवत बसलोय, आणि बाहेर आहे वैशाख! आजीला लगेच कळलं. ती म्हणाली, “मग थर कमी करा की.” आयपीसीसीचे जाडजूड अहवाल जे सांगतात त्याचं सार हेच ना?

आकड्यांत सांगायचं तर कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होतं. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंगने हवाईच्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होतं. २०२४ ची सरासरी ४२० च्या वर गेली. याच २०२४ ची नोंद तोपर्यंतचं सर्वांत उष्ण वर्ष म्हणून झाली. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने ते १८५०-१९०० च्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून थोडं जास्त होतं. आणि हे सगळं काही अचानक उगवलेलं ज्ञान नाही बरं का! बारावीच्या केमिस्ट्रीत ज्याच्या इक्वेशनने आपल्याला छळलं त्या अऱ्हेनियसने १८९६ मध्येच हातांनी आकडेमोड करून सांगितलं होतं, की हवेतला हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपल्याला कळतंय, पण वळत नाहीये.

“दीड अंश? एवढंच?” असं आमच्या वर्गातल्या एकाने विचारलं होतं. एसीच्या रिमोटवर दीड अंश म्हणजे काहीच नाही, हे खरं. पण थर्मोडायनॅमिक्स आठवा. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं. क्लॉशियस-क्लापेरॉन! परीक्षेपुरतं पाठ करून आपण ज्याला निरोप दिला, तोच फॉर्म्युला आता आपल्या डोक्यावर कोसळतोय. जास्त बाष्प म्हणजे पाऊस पडायला लागला की तो धो धो पडणार, आणि मधल्या दिवसांत ओढ देणार. पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात आपला महाराष्ट्रही येतो, दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांना लागणारं बाष्प बरंचसं अरबी समुद्राकडून येतं. हाच अरबी समुद्र पूर्वी चक्रीवादळांच्या बाबतीत शांत समजला जायचा. २००१ ते २०१९ या काळात तिथल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या मानाने ५२ टक्क्यांनी वाढली. लगेच २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी झोपवून गेलं, आणि २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’.

आता चिपळूण. ते माझं आजोळ. मामाचं बाजारपेठेत दुकान आहे, वह्या-पुस्तकं आणि स्टेशनरीचं. २००५ च्या जुलैमध्ये दुकानात पुराचं पाणी शिरलं होतं. ते ओसरल्यावर मामाने भिंतीवर जिथपर्यंत पाणी आलं होतं तिथे ऑइल पेंटने लाल रेघ मारून ठेवली. माणूस हुशार. नंतर दुकान नव्याने लावलं तेव्हा सगळी महागाची रॅक त्या रेघेच्या वर दीड फूट घेतली. खाली फक्त प्लास्टिकच्या वस्तू. कोणी विचारलं की तो रेघ दाखवायचा, “याच्या वर येत नाही पाणी.” म्हणजे सोळा वर्षं त्याने अगदी शास्त्रीय पद्धतीने काळजी घेतली होती. आधीचा सर्वांत मोठा पूर बघायचा, त्यावर थोडा फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवायचा. आपण कॉलेजात याहून वेगळं काय शिकतो?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं ते रेघ ओलांडून, रॅक ओलांडून, शटरच्याही वर. त्याच २४ तासांत तिकडे महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. शाळा सुरू व्हायच्या दिवसांतला भरलेला माल! लॉकडाऊनमधून दुकान कसंबसं वर येत होतं आणि हे झालं. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो. ओल्या वह्यांचा लगदा फावड्याने उचलावा लागतो हे मला तिथे कळलं. मामी एकेक ड्रॉइंग बुक उघडून बघत होती, एखादं कोरडं निघतंय का म्हणून. मामा काही बोलत नव्हता. मधेच त्या लाल रेघेवरचा चिखल त्याने हाताने पुसला, आणि तिच्याकडे बघत राहिला. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून जास्त माणसं गेली. त्यांच्या मानाने आमचं काहीच नाही, फक्त माल गेला, असं मामी आजही म्हणते.

हायड्रॉलॉजीच्या तासाला ‘रिटर्न पिरियड’ शिकवायला घेतला तेव्हा मला ती रेघच दिसत होती. इतर ब्रँचच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ‘पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर’ याचा अर्थ तो बरोबर पन्नास वर्षांनी येतो असा नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता पन्नासात एक, म्हणजे दोन टक्के. अशा पुरासाठी बांधलेला पूल पन्नास वर्षं उभा राहिला, तर त्या काळात एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास असते. करून बघा, कॅल्क्युलेटरवर एका मिनिटाचं काम आहे. आता समजा हवा तापल्यामुळे तोच पूर पन्नासऐवजी पंचवीस वर्षांतून एकदा यायला लागला, तर ही शक्यता ८७ टक्के होते. पूल तोच, सिमेंट तेच, कॉन्ट्रॅक्टर प्रामाणिक, बिलं चोख... तरीही पूल बहुतेक पाण्याखाली! कारण आपण ज्या पावसाच्या आकडेवारीवरून डिझाइन केलं तो पाऊस आता राहिलेलाच नाही.

मागचा पाऊस म्हणजेच पुढचा पाऊस, या गृहीतकाला ‘स्टेशनॅरिटी’ म्हणतात. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख आला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी ही स्टेशनॅरिटी मेली असं जाहीर करून टाकलं. आमच्या सबमिशनमध्ये मात्र ती अजून ठणठणीत आहे! तीस-चाळीस वर्षांचा डेटा घ्या, गुंबेल वापरा, उत्तर काढा, सही घ्या, झालं. त्या डेटातली शेवटची पंधरा वर्षं पहिल्या पंधरा वर्षांसारखी आहेत का, हे तपासायचा एक कॉलमसुद्धा त्या शीटमध्ये नाही.

मुंबईचंच बघा. तिथली जुनी पावसाळी गटारं ब्रिटिशांच्या काळातली, तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली, तेही समुद्राला ओहोटी असताना. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ती क्षमता ५० मिलिमीटर करा असं सांगितलं. ते कपाटात राहिलं. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर! चोवीसाने भागून सरासरी काढली तरी तासाला ३९ भरतात, आणि पाऊस काही सरासरीने पडत नाही. राज्यात मिळून हजाराच्या घरात माणसं गेली. आई तेव्हा अंधेरीला नोकरी करत होती आणि मी तिच्या पोटात होते. कमरेएवढ्या पाण्यातून, अनोळखी माणसांचे हात धरून ती दुसऱ्या दिवशी घरी पोचली. त्या पावसानंतर चितळे समिती नेमली गेली, मिठी नदीची आठवण झाली, पंपिंग स्टेशनची कामं हलली. बैल गेला आणि झोपा केला! आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी कुलाब्याला पाऊस होता फक्त ७३ मिलिमीटर. इतका लहरी पाऊस जुन्या टेबलांत कसा बसणार?

इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. २६ जुलैचा पाऊस ग्लोबल वॉर्मिंगमुळेच पडला असं म्हणता येईल का? एकेका पावसाकडे बोट दाखवून असं ठासून सांगता येत नाही, निदान नीट अभ्यास केल्याशिवाय नाही. ३० जुलै २०२४ ला केरळात वायनाडला दरड कोसळली तेव्हा शास्त्रज्ञांनी असा अभ्यास केला आणि तो पाऊस तापमानवाढीमुळे सुमारे दहा टक्के जास्त झाला असं अनुमान काढलं. मला हे शकुनीच्या फाशांसारखं वाटतं. फासा एकदा सहा पडला म्हणून लबाडी सिद्ध होत नाही. पण सारखा सहा पडायला लागला की फासे कोणी बदलले ते विचारायलाच हवं. आणि दरडी काही फक्त पावसाने कोसळत नाहीत. डोंगर पोखरणं, झाडं तोडणं, रस्त्यासाठी पायथा कापणं हे आपलं आपणच केलेलं आहे. माधव गाडगीळांच्या समितीने २०११ मध्येच पश्चिम घाटाबद्दल सावध केलं होतं, तर सगळ्या पक्षांनी मिळून त्या अहवालालाच विरोध केला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

उष्णतेबद्दल फार लिहीत नाही, कारण मे महिन्यात ओरल्स दिलेल्या कोणालाच ते समजावून सांगायची गरज नाही. एकच बघितलेली गोष्ट सांगते. मे महिन्यात मी एका बिल्डिंगच्या साइटवर इंटर्नशिपला होते. उष्ण हवामानात काँक्रीट कसं करायचं याचा आय.एस. ७८६१ हा कोड आहे. खडी सावलीत ठेवा, मिक्सिंगच्या पाण्यात बर्फ घाला, काँक्रीटचं तापमान मोजा, असं सगळं त्यात आहे. त्याप्रमाणे स्लॅबच्या दिवशी साइटवर बर्फाच्या लाद्या आल्या. सेंटरिंगवाल्यांतला एक पोरगा, माझ्याच वयाचा असेल, त्या लादीचा एक तुकडा उचलून मानेवर धरून बसला, तर सुपरवायझर त्याच्यावर खेकसला. काँक्रीटचं तापमान रजिस्टरमध्ये दर तासाला लिहिलं जात होतं. त्या पोराचं तापमान लिहायला रजिस्टरमध्ये रकानाच नव्हता.

बरं, आता नेहमीचा युक्तिवाद. “हे सगळं अमेरिका-युरोपने केलं, आपण का भोगायचं? त्यांनी आधी बंद करावं!” हा मुद्दा फालतू नाही. आतापर्यंत जगाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. आपला माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास सोडतो, अमेरिकेतला त्याच्या सात पट. त्यामुळे भारताने जागतिक परिषदांमध्ये हे ठणकावून सांगितलंच पाहिजे. पण वाशिष्ठीचं पाणी मामाच्या दुकानात शिरताना त्याचा कार्बन फूटप्रिंट विचारून शिरलं नाही! न्याय मागत राहायचा आणि तोवर घर उघडं ठेवायचं, हे शहाणपण नव्हे. शिवाय ‘आपला माणूस’ ही सरासरी आहे. त्यात तो बर्फवाला पोरगाही आला आणि स्कूटीवर हाकेच्या अंतरावरच्या मेसला जाणारे आपणही आलो.

दुसरीकडे “काही होत नाही, आता उशीर झाला” असं म्हणणारे आहेत. त्यांना ओझोनची आठवण करून द्यावीशी वाटते. १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, सीएफसी बंद करत आणले, आणि ओझोनचा थर हळूहळू सावरू लागला. जगाने ठरवलं आणि केलं, याचं एक तरी उदाहरण आपल्याकडे आहे. आपल्या देशातही सौरऊर्जेची क्षमता २०२५ च्या जानेवारीत १०० गिगावॅटच्या पुढे गेली, आणि त्याच वर्षी एकूण स्थापित क्षमतेत कोळसा-तेल-गॅस सोडून इतर स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला. इथे टाळ्या वाजवायच्या आधी इलेक्ट्रिकलच्या मित्रांना विचारा, क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यात फरक किती! प्रत्यक्षात आपली बहुतेक वीज अजून कोळशाचीच. आपल्या होस्टेलमध्ये दिवा लावला की चंद्रपूरकडे कोळसा जळतो असं समजायला हरकत नाही. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड.

म्हणूनच आपल्या सेमिनार हॉलबद्दल बोलायला हवं. पर्यावरण दिनाचं व्याख्यान तिथेच झालं. एसी अठरावर! मुली ओढण्या गुंडाळून बसलेल्या, पाहुणे वक्ते शाल पांघरून (सत्काराची शाल लगेच उपयोगी पडलेली मी प्रथमच पाहिली), स्टेजच्या मागे वीस फुटी फ्लेक्सवर ‘सेव्ह अर्थ’, आणि पडद्यावर आपलं लाडकं अस्वल. २०२० पासून नवीन एसी चोवीस अंशांवर सेट होऊनच येतात, आणि प्रत्येक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. चोवीसवरून मुद्दाम अठरावर आणायचे कष्ट कोण घेतं, ते एकदा शोधलं पाहिजे. व्याख्यानानंतर वृक्षारोपण झालं, दरवर्षीप्रमाणे, दरवर्षीच्याच खड्ड्यात. खड्डा मात्र आता चांगला मोठा झालाय.

मी चेष्टा करतेय, पण झाडं लावणाऱ्यांची नाही. माझी तक्रार एवढीच आहे की आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत. पोस्टर, घोषणा, मानवी साखळी हे शाळेतली मुलंही करतात आणि आपल्यापेक्षा मनापासून करतात. आपल्याला जे येतं आणि इतरांना येत नाही, ते म्हणजे मोजणं आणि हिशेब करणं. ते तर आपण करतच नाही!

आता ओढ्याकडे येते. होस्टेलच्या मागून जो ओढा वाहतो तो उन्हाळ्यात कोरडा असतो, त्यामुळे तो आपल्याला फक्त क्रिकेटचा बॉल हरवायची जागा म्हणून माहीत आहे. नोटीस बोर्डवर नव्या पार्किंगचा प्लॅन लागलाय, तो किती जणांनी नीट पाहिला? त्यात हा ओढा १२०० मिलिमीटर व्यासाच्या दोन ह्यूम पाइपांत घालून, वर भराव टाकून, पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत. सव्वाशे गाड्यांची सोय होणार. आम्ही चौघींनी सर्व्हेच्या प्रॅक्टिकलमध्ये टोपोशीटवरून त्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र काढलं, ते ४० हेक्टर भरतं. रॅशनल फॉर्म्युला लावला. रनऑफ कोइफिशंट ०.६ आणि तासाला ६० मिलिमीटर पाऊस धरला तर सेकंदाला ४ घनमीटर पाणी येतं. दोनशेला एक उतार धरून मॅनिंगने काढलं तर ते दोन पाइप मिळून साधारण साडेपाच घनमीटर वाहून नेतात. म्हणजे कागदावर सगळं ठीक. कन्सल्टंटने चूक केली असं मी म्हणत नाही. मामानेही केली नव्हती.

पण वरच्या डोंगरावर प्लॉट पडायला लागलेत, ते आपण खिडकीतून रोज बघतोय. तिथे बंगले आणि रस्ते झाले की ०.६ चा ०.८ होणार. आणि पाऊस ६० ऐवजी ९० चा पडला तर? मग तेच उत्तर ८ घनमीटर येतं. पाइप साडेपाचचे! तेही पाइप स्वच्छ आहेत असं धरून. पहिल्याच पावसात वरून येणाऱ्या फांद्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या त्यांच्या तोंडाशी अडकणार, हे सांगायला मॅनिंगची गरज नाही. उरलेलं पाणी कुठे जाईल? एका बाजूला होस्टेलचा तळमजला, मेस आणि जनरेटर रूम. दुसऱ्या बाजूला खालच्या अंगाला वाडी आहे, पंचवीस-तीस घरांची. आपल्या कँटीनमधल्या मावशी तिथेच राहतात. आपण पहिल्या मजल्यावर चढून मोबाइलवर पाण्याचे व्हिडिओ काढू. त्यांना वरचा मजला नाही.

आमचं म्हणणं असं आहे की ओढा उघडाच राहू द्यावा. पार्किंग वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात करावं, जागा थोडी कमी पडेल, पडू दे. ज्यांना चालत येता येतं त्यांनी चालत यावं. ओढ्यावरून रस्ता न्यायचाच असेल तर तेवढ्यापुरतं बॉक्स कल्व्हर्ट बांधावं, आणि ते बदललेल्या पावसाचा हिशेब करून. सेमिनार हॉल आणि स्टाफरूमचे एसी चोवीसच्या खाली जाणार नाहीत असं करावं. इलेक्ट्रिकलच्या फायनल इयरने कॉलेजच्या बारा महिन्यांच्या वीजबिलांचा ऑडिट प्रोजेक्ट म्हणून घ्यावा, दरवर्षी तीच ती लाइन फॉलोअर रोबोट गाडी बनवण्यापेक्षा. या मागण्यांचं पत्र आकडेमोडीसह आम्ही प्राचार्य सरांना दिलं आहे. सरांनी ते शांतपणे वाचलं आणि एक प्रश्न विचारला, “तासाला ९० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे पडतो, याला तुमच्याकडे पुरावा काय?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. सर्वांत जवळचं पर्जन्यमापन केंद्र इथून बरंच लांब, डोंगराच्या पलीकडे आहे, आणि कुलाबा-सांताक्रूझचा फरक वर सांगितलाच. आपल्या ओढ्यावर किती पाऊस पडतो ते आजवर कोणी मोजलेलंच नाही. म्हणून या पावसाळ्यापासून आपणच मोजायचं ठरवलंय. हायड्रॉलॉजी लॅबच्या कपाटात एक सायमन्स पर्जन्यमापक आहे, फनेल आणि मापनपात्रासकट, खोक्यातून एकदाच बाहेर निघालेला. चावी लॅबच्या काकांकडे आहे आणि त्यांची तयारी आहे. तासातासाचा पाऊस कळायला आपोआप नोंद करणारं यंत्र लागतं. टिपिंग बकेटचा सेन्सर आणि लॉगर बनवून द्यायचं इलेक्ट्रॉनिक्सच्या दोघांनी कबूल केलंय. तो तयार होईपर्यंत जोराचा पाऊस असेल तेव्हा दर तासाला माणसाने जाऊन बघायचं, आणि एरवी हवामान खात्याच्या वेळेप्रमाणे रोज सकाळी साडेआठला. ओढ्याच्या काठावर खांब रोवून त्यावर दर दहा सेंटिमीटरला खुणा करायच्या आहेत, म्हणजे पाणी किती चढलं तेही लिहिता येईल.

१ जूनला सुरुवात. वही सिव्हिल डिपार्टमेंटच्या ऑफिसबाहेर टांगलेली असेल, आपापलं नाव आणि वार लिहा. ब्रँचची अट नाही. सोमवार ते शनिवार भरलेत, रविवार सकाळसाठी मात्र अजून कोणी मिळालेलं नाही.